कै. सौ. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे : एका कर्तबगार मातेचे चरित्र

थोर पुरुषांची चरित्रे आपल्या समाजात मोठ्या आदराने वाचली जातात. त्यांचा त्याग, त्यांचे परिश्रम, त्यांनी उभारलेल्या संस्था यांची वर्णने आपण मुलाबाळांना ऐकवितो. परंतु त्या थोर पुरुषाने आपले सर्वस्व समाजास अर्पण केले, त्या काळी त्याच्या घरची चूल कोणी पेटती ठेविली, आजारी मुलाच्या उशाशी रात्र कोणी काढली आणि महिनाअखेर वाण्याचा हिशोब कसा भागविला, याची विचारपूस आपण सहसा करीत नाही. आम्ही शिक्षकाच्या पेशात आयुष्य काढले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावरील निबंध आम्ही किती तपासले याची गणती नाही. बहुतेक निबंधांत महर्षींच्या द्वितीय पत्नीसंबंधी एकच वाक्य असे, की त्यांनी एका विधवेशी विवाह केला. ती विधवा कोण, कोठली, तिने पुढे काय केले, हे त्या वाक्यात नसे. कारण ते आमच्या क्रमिक पुस्तकांतही नव्हते.

प्रस्तुत लेखात त्या माउलीचे चरित्र आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. असे करण्यास एक विशेष कारणही आहे. आपण हा अंक ज्ञातीच्या नावाने प्रसिद्ध करतो, आणि ज्या ज्ञातीच्या नावाने आपण एकत्र जमतो, त्याच ज्ञातीने एके काळी या स्त्रीला आपल्या दारात उभे करण्याचे नाकारले होते.

बायांचे माहेरचे नाव गोदावरी. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथील बाळकृष्णपंत जोशी यांच्या त्या कन्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे खेळण्याच्या वयातच त्यांचे लग्न नातूंच्या घरी झाले, आणि काही महिन्यांतच पती निवर्तला. लग्न म्हणजे काय हे ज्या मुलीला उमगले नव्हते, तिला वैधव्य म्हणजे काय हे मात्र आयुष्यभर उमगत राहावे, असा तो काळ होता. गोदूबाईंनी पुढील अनेक वर्षे सासरी काबाडकष्टांत काढली. कोकणातल्या त्या काळच्या शेतकरी ब्राह्मणाच्या घरी दळण, कांडण, शेणगोठा, सारवण, पाणी भरणे ही कामे किती असत, हे आपल्यांतील वयोवृद्ध मंडळींनी आपल्या आज्यांकडून ऐकले असेल. केशवपनही झाले. अक्षरओळख नव्हती. गावातील इतर शेकडो बालविधवांप्रमाणे त्यांचेही आयुष्य माजघराच्या अंधारात संपून गेले असते आणि आज त्यांचे नावही कोणाला ठाऊक नसते.

तसे झाले नाही याचे श्रेय प्रथम त्यांचे बंधू नरहरपंत यांना दिले पाहिजे. नरहरपंत शिक्षणासाठी मुंबईस होते आणि धोंडोपंत कर्वे यांचे ते स्नेही होते. बहिणीने शिकावे, असे त्यांच्या मनाने घेतले व त्यांनी तिला मुंबईस आणले. त्याच सुमारास पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन ही संस्था उघडली. गोदूबाई या त्या सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. प्रौढ वयात पाटी हाती घेऊन लहान मुलींच्या शेजारी धुळाक्षरे गिरविण्यास बसणे ही सोपी गोष्ट नव्हे. वयात आलेल्या माणसाला अज्ञानापेक्षा लाजच अधिक आड येते, हे आम्ही पुढे प्रौढशिक्षणाच्या वर्गांत पुष्कळ वेळा पाहिले आहे. गोदूबाईंनी ती लाज बाजूस सारली.

येथे आपल्या ठाणे, कल्याण व डोंबिवलीकडील वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा धागा आपल्या कल्याणपर्यंत येऊन पोहोचतो. कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना हीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून विख्यात झाली. ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे तिला वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या, आणि तेथे गेल्यावर अमेरिकेतील सहृदय लोकांना हिंदू विधवांची स्थिती सांगून त्यांनी जे साहाय्य मिळविले, त्यातूनच शारदा सदन उभे राहिले. ते सदन उघडले तो दिवस ११ मार्च १८८९ हा होता. कल्याणची मुलगी परदेशी डॉक्टर झाली नसती, तर देवरुखच्या या बालविधवेच्या हाती पाटी केव्हा आली असती, कोण जाणे! एका स्त्रीच्या धैर्याने दुसरीची वाट कशी मोकळी होते याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पुढे १८९० साली सदन पुण्यास गेले, तेव्हा गोदूबाईही पुण्यास गेल्या. आपल्या ठाणे-कल्याणवरून जाणाऱ्या त्याच लोहमार्गाने मुंबईचे माणूस तेव्हा पुणे गाठीत असे.

इकडे धोंडोपंतांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. त्यांच्या मागे रघुनाथ हा मुलगा होता. त्याच वर्षी धोंडोपंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. विधुराने पुन्हा लग्न करणे त्या काळी अगदी सहज होते. दहा-बारा वर्षांची मुलगी सांगून येण्यास उशीर लागत नसे. परंतु धोंडोपंतांनी निश्चय केला की, लग्न करावयाचे तर विधवेशीच. कायद्याने १८५६ सालीच विधवाविवाहाला मान्यता दिली होती. परंतु कायद्याची मान्यता आणि ज्ञातीची मान्यता यांत फार अंतर होते. बाळकृष्णपंत जोशी यांनी संमती दिली, ही त्या वृद्ध कोकणी पित्याची थोरवी आहे. आपल्या विधवा मुलीचे पुन्हा लग्न लावून देण्यास होकार देणे म्हणजे गावातील पंक्तीचा आपला पाट उचलला जाण्यास होकार देणे होय, हे त्यास कळत नव्हते असे नाही. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास विवाह झाला. शारदा सदन उघडले त्यास त्या दिवशी बरोबर ४ वर्षे झाली होती. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. परंतु घरी आणि पुढे साऱ्या संस्थेत त्या ‘बाया’ या नावानेच ओळखल्या गेल्या.

या विवाहाने पुण्याच्या सुधारक मंडळींत आनंद झाला. मुरुड गावी मात्र वेगळेच घडले. धोंडोपंतांचे घर मुरुडचे. तेथील ज्ञातिबांधवांनी सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. कर्वे बसतील त्या बैठकीस कोणी बसू नये, आणि त्यांच्या मातोश्रींनी अथवा बंधूंनी त्यांना घरात घेतले तर त्या घरावरही बहिष्कार पडावा, असे ठरले. नवी सून घरी आली की सासू तिला कुंकू लावते, ओटी भरते, माप ओलांडवून आत घेते. बायांच्या वाट्याला हे आले नाही. त्यांच्या सासूबाई निष्ठुर नव्हत्या. त्यांचे हात बांधलेले होते, आणि ते गावाने बांधले होते. एका आईला मुलगा आणि गाव यांतून एकाची निवड करावयास लावणे, यापरते कठोर शासन दुसरे कोणते असेल?

हा इतिहास लिहिताना आम्ही लेखणी आवरती घेतलेली नाही. आपल्यांतील पुष्कळ घराणी दापोली, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर या भागांतून पोटापाण्यासाठी ठाण्या-कल्याणास आली. तसल्या ठरावांच्या सभांना बसणारे कोणी परके नव्हते; ते आपल्यासारख्याच घरांतील कर्ते पुरुष होते. आपली मुले शिकावीत, आपल्या मुलींचे भले व्हावे, असे त्यांनाही वाटत असणार. तरीही चांगली माणसे एकत्र बसून असा ठराव करू शकतात, हे ज्ञातिसंस्था चालविणाऱ्यांनी कायमचे ध्यानी ठेवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

विवाहानंतर बायांचा खरा कसोटीचा काळ सुरू झाला. धोंडोपंतांना घरी अण्णा म्हणत. अण्णांनी १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली व १९०० साली तो पुण्याजवळील हिंगणे या गावी एका झोपडीत नेला. महाविद्यालयातील काम आटोपून अण्णा चिखल तुडवीत हिंगण्यास पायी जात, हे आपण सर्वांनी वाचले आहे. त्या झोपडीचे चित्रही पुष्कळांनी पाहिले असेल. परंतु त्या आश्रमात बायांना मात्र दीर्घकाळ स्थान नव्हते. विधवांना शिक्षण देणे आणि विधवांचे पुनर्विवाह घडविणे ही दोन कामे अण्णांनी अलग ठेविली होती. आश्रमात पुनर्विवाहित स्त्री वावरते असे कळले, तर आईबाप आपल्या विधवा मुली तेथे पाठविण्यास कचरतील, ही भीती होती व ती खोटी नव्हती. म्हणून ज्या विधवेच्या विवाहातून या कार्याची उभारणी झाली, तीच त्या आश्रमाच्या बाहेर राहिली.

यातील वेदना नीट कळण्यासाठी बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांच्याकडे पाहावे. त्याही विधवा होत्या. त्यांनी पुनर्विवाहाचा मार्ग पत्करला नाही. त्या आश्रमात राहिल्या, तेथे त्यांनी स्वयंपाकघर सांभाळले, गावोगाव फिरून आश्रमासाठी निधी जमविला आणि पुढे त्यासाठी थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. त्यांची योग्यता मोठीच आहे. परंतु एकाच आईच्या पोटी आलेल्या दोन मुलींपैकी एकीला आश्रमाचे दार उघडे आणि दुसरीला, केवळ तिचे कुंकू परत आले म्हणून, ते बंद, हा दैवदुर्विलास मनास चटका लावतो.

बायांनी या परिस्थितीत रडत बसणे पत्करले नाही. संसारी स्त्री असूनही त्या नागपुरास गेल्या व तेथे त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले. आज आपल्या डोंबिवलीत सकाळची गाडी गाठण्यासाठी पोळीभाजीचा डबा पिशवीत टाकून धावणाऱ्या माता हजारोंनी आहेत. त्यात नवल राहिले नाही. परंतु ज्या काळी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्या बाईकडे रस्ता मान वळवून पाहत असे, त्या काळी वाढत्या संसारातील एका स्त्रीने परगावी जाऊन हाताला कसब मिळवावे, ही असामान्य गोष्ट होय. आपल्या पतीचा पैसा आपल्या घरासाठी नाही, हे त्यांनी लवकरच ओळखले होते. म्हणून आपल्या पायांवर उभे राहणे हा त्यांच्यापुढे तत्त्वाचा नव्हे, गरजेचा प्रश्न होता.

अण्णांची प्राप्ती बेताची आणि तीतूनही मोठा वाटा संस्थेकडे जाई. त्यांनी आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे करून दिली. जगाने या त्यागाची वाहवा केली. बायांना मात्र त्याचे अतिशय दुःख झाले, आणि ते त्यांनी लपविले नाही. उद्या पतीचे काही बरेवाईट झाले तर पदरच्या मुलांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे, असा एका आईचा तो सरळ प्रश्न होता. यावरून कोणी बायांना स्वार्थी म्हणेल तर ते अन्यायाचे होईल. ज्या स्त्रीने बालपणीच एकदा निराधारपण भोगले, तिलाच निराधारपणाची खरी धास्ती असते. महर्षींचा त्याग थोर होता, यात वाद नाही. परंतु त्या त्यागाचा हप्ता दर महिन्यास बाया भरीत होत्या, हेही तितकेच खरे आहे.

आणि हप्ता भरताना त्यांचे घर मात्र आटले नाही. कर्व्यांच्या घरी स्वतःच्या मुलांखेरीज नात्यागोत्यातील व बाहेरचीही मुले वाढली. शंकर, दिनकर व भास्कर हे बायांचे तीन पुत्र आणि थोरले सावत्र पुत्र रघुनाथ. शंकर डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत स्थायिक झाले व तेथील हिंदी समाजात त्यांनी मानाचे स्थान मिळविले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी म्हणजे विख्यात समाजशास्त्रज्ञ व लेखिका इरावतीबाई कर्वे. भास्कर यांनी हिंगण्याच्या संस्थेला वाहून घेतले. रघुनाथ यांनी संततिनियमनाचे कार्य आरंभिले, जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले आणि त्यापायी नोकरी, खटले व लोकनिंदा हे सारे सोसले. चौघांचे मार्ग वेगळे. परंतु आपल्याला जे खरे वाटते ते लोकांच्या भीतीने न लपविणे, हा गुण चौघांच्याही घरच्या मातीतला आहे. त्या गुणाचे श्रेय आपण नेहमी पित्यास देतो. आमच्या मते मातेचा वाटा कमी नाही. बोलण्यात आडपडदा ठेवणे बायांना जमतच नसे.

याचा पुरावा त्यांनी स्वतःच मागे ठेविला आहे. उतारवयात त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या, त्या १९४४ साली ‘माझे पुराण’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. भास्कररावांच्या पत्नी कावेरीबाई यांनी त्या संपादिल्या. सासूच्या आठवणी सुनेने आदराने जतन कराव्यात, ही गोष्ट आपल्या घरांतून किती ठिकाणी घडते, याचा विचार आमच्या भगिनींनी अवश्य करावा. पुढे पुत्र दिनकरराव यांनी १९६३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘द न्यू ब्राह्मन्स’ या आपल्या इंग्रजी ग्रंथात पित्याच्या आत्मवृत्ताबरोबर मातेच्या कथनालाही स्थान दिले. वडिलांची बाजू जगास ठाऊक होती. आईचीही बाजू जगाने ऐकावी, ही त्या पुत्राची दृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते. आईच्या आठवणी गोड करून सांगणे सोपे असते. आईचे गाऱ्हाणे तिच्याच शब्दांत जगापुढे ठेवणे, आणि तेही ते गाऱ्हाणे आपल्या जगद्वंद्य पित्याविषयी असताना, यास खरी मातृभक्ती लागते.

बायांचे मोठेपण केवळ गाऱ्हाण्यात असते, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. ज्या संस्थेने त्यांना दीर्घकाळ दूर ठेविले, तिच्याच साहाय्यासाठी पुढे त्या स्वतः घरोघर फिरल्या. मिळेल ती लहानसान वर्गणी त्यांनी आनंदाने गोळा केली. मनात राग असूनही हात आखडता न घेणे, हा त्यांचा स्वभाव होता. पतीशी त्यांचे मतभेद झाले; पतीच्या कार्याशी वैर कधी झाले नाही.

त्या कार्याचा विस्तार सर्वश्रुत आहे. १९०७ साली महिला विद्यालय, १९१६ साली महिला विद्यापीठ. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठास १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कितीतरी लेकीसुना एस. एन. डी. टी. च्या पदवीधर आहेत. त्या तीन-चार अक्षरांत एका मातेचे नाव आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दात्याच्या मातेचे नाव विद्यापीठास लाभले, हे योग्यच झाले. संस्थापकाच्या मुलांच्या मातेचे नाव मात्र विद्यापीठास लाभले नाही, आणि तिने ते कधी मागितलेही नाही. हिंगण्याच्या संस्थेतर्फे अलीकडे बाया कर्वे यांच्या नावाने कर्तबगार स्त्रियांस पुरस्कार दिला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. ज्या अंगणात त्यांना एके काळी पाऊल टाकता येत नव्हते, तेथेच आज त्यांचे नाव आदराने उच्चारले जाते.

१९५० साली बाया निवर्तल्या. अण्णांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा किताब मिळाला. तो सोहळा पाहण्यास त्या नव्हत्या. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णांचेही देहावसान झाले. आज मुंबईस चर्चगेटकडे जाणारा आपला नोकरदार वर्ग महर्षी कर्वे मार्गावरून रोज चालतो. पुण्यात हिंगणे हे कर्वेनगर झाले. मुरुड गावही आता महर्षींचे गाव म्हणूनच अभिमानाने ओळखले जाते. बहिष्काराचे ठराव करणाऱ्यांची नावे कोणाच्या स्मरणात नाहीत. ज्यांना बाहेर काढले त्यांच्याच नावाने गाव ओळखला जातो, हा काळाचा न्याय होय.

आता आपल्या मंडळापुरते दोन शब्द लिहितो. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. व्यासपीठावर बहुधा पिता मुलाशेजारी उभा राहतो आणि आई प्रेक्षकांत बसून पदराने डोळे टिपते. इतःपर नाव पुकारताना आईचेही नाव पुकारावे, ही आमची नम्र सूचना आहे. दुसरे असे की, आपल्या ज्ञातीतील एखादा मुलगा वा मुलगी, एखादी विधवा अथवा घटस्फोटित भगिनी, रूढीबाहेर पाऊल टाकील, तेव्हा सभा भरवून तिचा निवाडा करण्यापूर्वी मुरुडच्या त्या उंबऱ्याचे स्मरण करावे. ज्ञाती ही माणसांना आत घेण्यासाठी असते.

आणि तिसरी गोष्ट घरोघरच्या सुशिक्षित मुलांसाठी. आपली आई वृद्ध होत चालली असेल, तर वही-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसावे. तिने काय सोसले, कोठे काम केले, कोणावर तिचा राग आहे, हे तिला मोकळेपणाने सांगू द्यावे आणि ते जसेच्या तसे लिहून ठेवावे. कावेरीबाईंनी हे काम केले नसते, तर देवरुखच्या या असामान्य स्त्रीविषयी आपल्याला एका वाक्यापलीकडे काहीच सांगता आले नसते.

या कष्टाळू, स्पष्टवक्त्या व उदार अंतःकरणाच्या मातेच्या स्मृतीस आमचे सादर वंदन.